बरोबरीत सुटली, तरी ट्रॉफी आपली

२ मार्च २०२५, रविवारची दुपार. देशभरचे टीव्ही दुबईकडे लागलेले, कारण चॅम्पियन्स ट्रॉफीत भारताची न्यूझीलंडशी गाठ होती. नागपुरातल्या माझ्या बहिणीच्या घरी मात्र वेगळीच गडबड चालली होती. फोन वाजला. पलीकडे माझा अकरा वर्षांचा भाचा.

"मामा, आपण रणजी जिंकलो!"

मग दोन क्षण शांतता, आणि आवाज जरा खाली आणून, "पण मॅच तर ड्रॉ झाली नं? मग जिंकलो कसे?"

मी म्हटलं, पहिल्या डावात आपली आघाडी होती म्हणून.

"किती?"

"सदतीस."

"बस? सदतीस तर मी एकटा गल्लीत काढतो नं."

पोराला हसून वाटेला लावता आलं असतं. पण प्रश्न बरोबर होता आणि तो मलाच चिकटून बसला. पाच दिवसांचा सामना. विदर्भ ३७९, केरळ ३४२, विदर्भ पुन्हा ९ बाद ३७५, आणि मग हस्तांदोलन. केरळचा दुसरा डाव सुरूच झाला नाही. कुणी कुणाला हरवलं नाही, तरी एका कप्तानाच्या हातात करंडक आणि दुसऱ्याचे हात मोकळे. फुटबॉलमध्ये बरोबरी झाली तर पेनल्टी घेतात, कुस्तीत गुण मोजतात. क्रिकेटने मात्र सामन्याच्या मधल्याच एका क्षणाकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, निकाल तेव्हाच लागला होता, तुम्ही उगाच अजून दोन दिवस खेळलात!

हे असं का, ते समजायला जरा मागे जावं लागतं. १९४९ साली पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात रणजीचा उपांत्य सामना झाला. निकाल लागेपर्यंत खेळायचं, असा तो सामना. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, मुंबई पुन्हा ८ बाद ७१४, महाराष्ट्र ६०४. बेरीज करून पाहा, २३७६ धावा! सात दिवस लागले. मुंबई ३५४ धावांनी जिंकली खरी, पण सातव्या दिवशी क्षेत्ररक्षण करणाऱ्यांच्या पायांची काय गत झाली असेल, ती त्यांनाच ठाऊक. आपल्याकडच्या पाटा खेळपट्टीवर एका संघाचे वीस बळी घेणं म्हणजे खडकात विहीर खणण्यातला प्रकार. पाणी लागेलही, पण कधी, ते सांगता येत नाही.

आज रणजीत ३८ संघ आहेत. प्रत्येक सामना निकालापर्यंत ताणला तर एक मोसम संपता संपता दुसरी दिवाळी येईल. म्हणून साखळी सामना चार दिवसांचा आणि बाद फेरीचा पाच दिवसांचा. दिवसाला ९० षटकं धरली तर अंतिम सामन्याला ४५० षटकं मिळतात. तेवढ्यात निकाल लागला तर ठीक, नाही तर तराजू पहिल्या डावाचा. साखळीत निर्भेळ विजयाला ६ गुण, डावाने किंवा दहा गड्यांनी जिंकलं तर वर एक बक्षीस, आणि सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात पुढे असलेल्याला ३, मागे असलेल्याला १. बाद फेरीत गुणांचा प्रश्नच नाही. आघाडी ज्याची, सामना त्याचा.

वाचायला नियम रुक्ष आहे, पण त्याचा मैदानावर होणारा परिणाम चमत्कारिक. एरवी सामना शेवटाकडे सरकताना तापत जातो. रणजीत तो पुष्कळदा मध्येच, तिसऱ्या दिवशी चहाच्या सुमाराला उकळी फुटून उतू जातो. आघाडी मिळाली की एका संघाचं काम एका क्षणात बदलतं. आता जिंकायची गरज उरत नाही, हरायचं नाही एवढंच. आणि एका धावेची आघाडीही तेवढीच मोठी, जेवढी दोनशेची. नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर केरळ अंतिम सामन्याला आलं तेच मुळी या नियमाच्या खांद्यावर बसून.

ती कथा विदर्भाची नाही, तरी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याजवळ गहुंज्याला केरळचा उपांत्यपूर्व सामना जम्मू-काश्मीरशी होता. जम्मू-काश्मीर सर्वबाद २८०. केरळचे नऊ गडी बाद होऊन दोनशेसुद्धा जेमतेम झालेल्या. तिथून सलमान निझार आणि अकराव्या नंबरचा बासिल थंपी यांनी ८१ धावांची भागी केली. केरळ सर्वबाद २८१. एक धाव पुढे! मग दुसऱ्या डावात शेवटपर्यंत तग धरला आणि केरळ उपांत्य फेरीत.

तिथे अहमदाबादेत गुजरात. केरळच्या ४५७. गुजरात ९ बाद ४५५ वर येऊन ठेपलं. एक चौकार गेला की संपलं. अर्झान नगवासवालाने फिरकीवर बॅट सणसणीत फिरवली. शॉर्ट लेगला, म्हणजे फलंदाजाच्या जवळजवळ पंगतीलाच, तोच सलमान निझार उभा. चेंडू त्याच्या हेल्मेटवर आदळला, वर उडाला आणि अलगद जाऊन स्लिपमधल्या कप्तान सचिन बेबीच्या हातात विसावला. बाद! गुजरात ४५५, केरळ दोन धावांनी पुढे. ज्याच्या बॅटीने पुण्यात एका धावेची आघाडी मिळवून दिली, त्याच्याच डोक्याने अहमदाबादेत दोन धावांची राखली. गंमत म्हणजे क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडालेला झेल २०१७ पूर्वी झेलच धरला जात नसे. त्या वर्षी नियम बदलला. तो बदलला नसता तर कदाचित जामठ्याला गुजरात आलं असतं आणि हा लेख वेगळाच झाला असता.

आता या सगळ्यातली मेख. अहमदाबादेत तो चेंडू टाकणारा गोलंदाज होता आदित्य सरवटे. नागपूरचा. विदर्भाचा.

विदर्भाचा म्हणजे, त्या मोसमाआधीपर्यंत विदर्भाचा. २०१९ च्या फेब्रुवारीत याच जामठ्यावर विदर्भाने सौराष्ट्राला हरवून सलग दुसऱ्यांदा रणजी जिंकली, ती सरवटेच्या डाव्या हाताच्या फिरकीवर. पहिल्या डावात ५, दुसऱ्यात ६ बळी. चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच टिपला, एकदा एका धावेवर, एकदा शून्यावर. सामन्याचा मानकरी तोच. आणि २०२५ मध्ये तो त्याच मैदानावर केरळची टोपी घालून उतरला.

आपल्याकडे यावर लोक चटकन 'गद्दार' वगैरे म्हणून मोकळे होतात. तसं काही नसतं. रणजीत प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. 'पाहुणा' म्हणा, 'प्रोफेशनल' म्हणा. आपल्या संघटनेकडून ना हरकत घ्यायची आणि दुसरीकडे जायचं. विदर्भाचं स्वतःचं वैभव कोणाच्या बळावर उभं राहिलं? २०१७-१८ च्या पहिल्यावहिल्या विजेतेपदाला मुंबईचा वसीम जाफर होता, कर्नाटकचा गणेश सतीश होता. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचे. इंदूरच्या त्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीने हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरने १३३ ठोकल्या आणि विदर्भाने दिल्लीला नऊ गड्यांनी लोळवलं. दिल्लीकडून एकच जण छाती काढून उभा राहिला होता, १४५ धावा काढून. त्याचं नाव ध्रुव शोरी. तोच शोरी आता २०२५ च्या जामठ्यावर विदर्भाचा सलामीवीर! माणसं अशी एका पानावरून उडून दुसऱ्या पानावर बसतात. म्हणून मला रणजीची धावफलकं जुन्या नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांसारखी वाटतात. कोण कुठल्या बाजूने छापलंय, ते आधी नीट बघावं लागतं.

बाहेरचा माणूस एका महाराष्ट्राला तीन संघ बघूनही बुचकळ्यात पडतो. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. कारण सोपं आहे. क्रिकेट संघटनांच्या सीमा राज्यांच्या आधी आखल्या गेल्या. १९३४-३५ मध्ये रणजी सुरू झाली तेव्हा इकडचे खेळाडू मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या नावाने खेळत. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ पासून त्याचा स्वतंत्र संघ रणजीत उतरू लागला. नकाशे बदलले, राज्यं झाली, क्रिकेटचा सातबारा मात्र तसाच राहिला. त्यानंतर साठ वर्षं विदर्भ खेळत राहिला आणि हरत राहिला. भारताचा पहिला कसोटी कप्तान सी. के. नायडू ज्या नागपुरात जन्मला, त्या नागपूरच्या संघाला २०१७-१८ पर्यंत साधी अंतिम फेरी दिसली नव्हती. माझ्या आजोबांच्या पिढीला विदर्भ-मुंबई सामना म्हणजे दोन दिवसांची सुट्टी वाटायचा. तिसऱ्या दिवशी काय होणार, ते सगळ्यांना माहीत असे.

२०२४-२५ चा मोसम म्हणजे एकाच घरातल्या तीन वेगवेगळ्या परीक्षा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रणजीचे पाच साखळी सामने, मग लाल चेंडू पेटीत, आणि वीस षटकांची सय्यद मुश्ताक अली. ती संपते न संपते तोच पन्नास षटकांची विजय हजारे. मग जानेवारीत पुन्हा पांढरे कपडे, राहिलेले दोन साखळी सामने आणि बाद फेरी. जो फलंदाज डिसेंबरात चौथ्या चेंडूला षटकार मारल्याशिवाय गुन्हेगार ठरतो, त्यालाच फेब्रुवारीत चाळीस चेंडू सोडून द्यायचे असतात. मुश्ताक अलीत विदर्भ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. तिथे विदर्भाने २२१ धावा काढूनही मुंबईने त्याची धुलाई केली. हे पाठीमागचं खातं लक्षात ठेवा. आधीच्या मोसमात वानखेडेवर रणजीचा अंतिम सामनाही विदर्भ मुंबईकडूनच १६९ धावांनी हरला होता.

विजय हजारेत मात्र असं काही घडलं की आकडेमोड करणाऱ्यांचे पेन थांबले. करुण नायर. मूळचा कर्नाटकचा, २०१६ मध्ये चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ करणारा, आणि त्यानंतर काही महिन्यांतच भारतीय संघाबाहेर फेकला गेलेला. क्रिकेटने आपल्याला आणखी एक संधी द्यावी, असं त्याने २०२२ च्या डिसेंबरात समाजमाध्यमावर लिहिलं होतं. ती दिली विदर्भाने. या स्पर्धेत तो कप्तान होता. त्याच्या धावा अशा. नाबाद ११२, नाबाद ४४, नाबाद १६३, नाबाद १११, आणि मग उत्तर प्रदेशाविरुद्ध ११२ वर एकदाचा बाद. बाद न होता ५४२ धावा! पन्नास षटकांच्या, म्हणजे 'लिस्ट ए' सामन्यांतला हा जागतिक विक्रम ठरला. आधीचा न्यूझीलंडच्या जेम्स फ्रँकलिनचा होता, ५२७.

त्यानंतर राजस्थानविरुद्ध नाबाद १२२, आणि उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध ४४ चेंडूंत नाबाद ८८. सात डाव, ७५२ धावा, एकदा बाद. त्यामुळे सरासरीही ७५२. भाच्याला हा आकडा सांगितला तेव्हा तो म्हणाला, मशीन बिघडलं असेल. मशीन ठीक आहे. सरासरी काढताना धावांना डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्याने भागतात. ७५२ भागिले १. अंतिम सामन्यात कर्नाटकच्या, म्हणजे त्याच्या माहेरच्याच, प्रसिद्ध कृष्णाने त्याला २७ वर त्रिफळाचीत केलं. मग ७७९ भागिले २, बरोबर ३८९.५०. एका बादाने सरासरी ३६२ ने कोसळली! ब्रॅडमनची ९९.९४ आपण देव्हाऱ्यात ठेवतो, ते किती मोठ्या भाजकाला पुरून उरली म्हणून. छोट्या भाजकाची सरासरी फुग्यासारखी, दिसायला मोठी, पण टाचणी जवळ. तरीही आठ डावांत पाच शतकं ही फुगा नव्हेत. विदर्भ मात्र तो अंतिम सामना ३६ धावांनी हरला.

रणजीत विदर्भाची गाडी तोवर सुसाट होती. सात साखळी सामन्यांत सहा विजय, एक अनिर्णित, ४० गुण. उपांत्यपूर्व फेरीत तमिळनाडूवर १९८ धावांनी मात. मग जामठ्यावर मुंबई, ४२ वेळा रणजी जिंकलेली, गतविजेती मुंबई, आणि संघात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे. पार्थ रेखाडे नावाच्या नवख्या डावखुऱ्या फिरकीपटूने त्या तिघांना एकाच षटकात बाद केलं. सहा चेंडूंत मुंबईच्या तीन मोठ्या माणसांना घरी पाठवणं म्हणजे काय, ते मुंबईकडून पिढ्यान्‌पिढ्या मार खाल्लेल्यांनाच कळेल. दुसऱ्या डावात यश राठोडने १५१ केल्या, मुंबईपुढे ४०६ चं लक्ष्य ठेवलं आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. वानखेडे आणि मुश्ताक अली, दोन्ही उधाऱ्या फिटल्या. या राठोडने मोसमात ९६० धावा काढल्या. त्या वर्षी रणजीत त्याहून जास्त कुणाच्याच नव्हत्या.

आणि हर्ष दुबे. या पोराने त्या मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका मोसमात याआधी कुणीच एवढे घेतले नव्हते. मी जुनी यादी काढून बसलो आणि अंगावर काटा आला. दुबेआधी विक्रम होता बिहारच्या आशुतोष अमनचा, २०१८-१९ मध्ये ६८. त्याच्या मागोमाग सौराष्ट्राचा जयदेव उनाडकट, २०१९-२० मध्ये ६७. त्याआधी १९७४-७५ मध्ये बिशनसिंग बेदी, ६४, आणि तो विक्रम चव्वेचाळीस वर्षं टिकला. चौघेही डावखुरे! उनाडकट वेगवान, बाकी तिघे फिरकी. जगात डावरी माणसं दहातली एक, आणि यादीच्या डोक्यावर चारपैकी चार.

याला नुसता योगायोग म्हणायला जीव होत नाही. चेंडू हातात घेऊन पाहा म्हणजे थोडा उलगडा होईल. रणजीत वापरतात तो एसजी चेंडू मेरठमध्ये हाताने शिवलेला असतो. वजन साधारण १६० ग्रॅम, म्हणजे एका मध्यम संत्र्याएवढं. चेंडूच्या पोटावरून शिवणीच्या सहा रांगा जातात, आणि हातशिलाई असल्यामुळे त्या बोटाला चांगल्या उठून लागतात, गोधडीच्या टाक्यांसारख्या. फिरकी गोलंदाजाला हीच मूठ. डावखुरा फिरकीपटू तर्जनीने ही शिवण ओढून चेंडूला पीळ देतो. आता फलंदाज उजव्या हाताचा, कारण बहुतेक तेच असतात. चेंडू हवेत असताना कोन त्याच्या आत येणारा. डोळे सांगतात, पायाकडे येतोय, खेळ. टप्पा पडल्यावर शिवण मातीत रुतते आणि चेंडू बाहेर निघतो, यष्टिरक्षक आणि स्लिपच्या दिशेने. बॅटची बाहेरची कड आणि चेंडू यांची गाठ तिथेच पडते. असे चार चेंडू बाहेर वळवून झाले की पाचवा न वळणारा टाकायचा. फलंदाज वळेल म्हणून बॅट बाहेर नेतो, चेंडू सरळ जाऊन पॅडवर आपटतो. पायचीत! या एका जोडकामावर बेदीपासून दुबेपर्यंत पन्नास वर्षं दुकान चाललंय. सरवटे निघून गेला आणि त्याच्या जागी त्याच जातीचा फिरकीपटू मोसमाचा मानकरी झाला. दुबेने वर ४७६ धावाही काढल्या, हे सांगायचं राहून जात होतं.

अंतिम सामना २६ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी सुरू झाला. केरळ इतिहासात पहिल्यांदाच अंतिम फेरीत. नाणेफेक जिंकून त्यांनी गोलंदाजी घेतली. विदर्भाने एक अजब चाल खेळली. गोलंदाज दर्शन नळकांडेला तिसऱ्या क्रमांकावर पाठवलं. तो एक धाव काढून परतला. ३ बाद २४. घरच्या मैदानावर, शिवरात्रीचा उपवास धरून बसलेल्यांच्या तोंडचं पाणी पळालं असणार.

मग दानिश मालेवार आणि करुण नायर. मालेवार नागपूरचाच, एकवीस वर्षांचा. रणजीतलं पदार्पण याच मोसमात. दोघांनी २१५ धावा जोडल्या. नायर ८६ वर रोहन कुन्नुम्मलच्या थेट फेकीने धावचीत झाला. मालेवार थांबला थेट १५३ वर. विदर्भ ३७९.

पुढचे दोन दिवस म्हणजे मी वर म्हटलेली उकळी. नळकांडेने, फलंदाज म्हणून फसलेल्या त्याच नळकांडेने, केरळच्या पहिल्या दोघांच्या यष्ट्या उडवल्या. २ बाद १४. आणि डाव सावरायला कोण आला? आदित्य सरवटे. ज्या खेळपट्टीवर त्याने विदर्भाला कप मिळवून दिला, तिथेच तो विदर्भाच्या गोलंदाजांना बॅट लावून तासन्‌तास थांबवत बसला. ७९ धावा काढल्या. त्याला बाद केलं ते हर्ष दुबेने.

तिसरा दिवस. कप्तान सचिन बेबी खेळतोय. सहा गडी बाद होऊनही केरळ ३२४ पर्यंत पोचलेलं. ५५ धावा मागे, आणि तो स्वतः ९८ वर. या क्षणी आघाडी कुणाची होणार ते सांगणं कठीण होतं. एक तास असाच गेला असता तर पुढचे दोन दिवस विदर्भाला धावत सुटावं लागलं असतं. रेखाडेचा चेंडू आला. सचिन बेबीने गुडघा टेकून तो मिडविकेटकडे उचलला. शतकाला दोन धावा हव्या होत्या, फटका सहाचा होता. सीमारेषेच्या आत करुण नायर उभा होता. झेल.

माझ्या मते अंतिम सामना तिथे संपला. उरलेले तीन गडी १८ धावांत गेले, केरळ ३४२, आणि विदर्भाच्या खिशात ३७ धावा. त्या फटक्याबद्दल सचिन बेबीला दोष द्यायला मात्र मन तयार होत नाही. दिवसभर संयमाने खेळलेल्या माणसाला एकदा तरी मोकळं व्हावंसं वाटतंच, आणि क्रिकेट नेमकं तेव्हाच टपून असतं.

चौथ्या दिवशी विदर्भाची २ बाद ७ अशी अवस्था झाली तेव्हा केरळला पुन्हा आशा वाटली. नायर ३१ वर असताना स्लिपमध्ये त्याचा झेल सुटला. त्यानंतर त्याने थेट शतक गाठलं आणि नऊ बोटं वर केली. विजय हजारेतली पाच, रणजीतली चार. नववं शतक. मालेवारने ७३ केल्या. आता विदर्भाला घाई नव्हती. ३७ ची ढाल समोर धरून नुसतं उभं राहायचं, दिवस मावळू द्यायचा. केरळला मात्र गडीही हवे होते आणि वेळही, आणि दोन्ही एकदम हाताला लागत नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी नायर १३५ वर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. गोलंदाज सरवटे! त्या डावात त्याने चार बळी घेतले. जुन्या घरात पाहुणा म्हणून आलेला माणूस शेवटपर्यंत कामाला जुंपलेला होता.

नववा गडी गेला तेव्हा नळकांडे उभा होता. पहिल्या सकाळी तिसऱ्या क्रमांकावर येऊन एक धाव काढणारा. आता तो ५१ वर नाबाद, धावफलकावर ३७५, आणि दोन्ही कप्तानांनी हात मिळवले. सात वर्षांपूर्वी इंदूरला शतक ठोकणारा यष्टिरक्षक अक्षय वाडकर आता कप्तान होता. विदर्भाची तिसरी रणजी त्याने घेतली.

हे सगळं मी भाच्याला त्या रविवारी सांगितलं नाही. आठवडाभराने नागपूरला गेलो तेव्हा वहीवर आकडे मांडून सांगितलं. तो पालथा पडून ऐकत होता, हातात रबरी चेंडू. शेवटी म्हणाला, "म्हणजे विदर्भ पूर्ण सीझन हरलाच नाही?"

"दहा सामने. आठ जिंकले, दोन ड्रॉ."

"आणि केरळ?"

मी वही उलटली. साखळीत सात सामने, तीन विजय, चार अनिर्णित. जम्मू-काश्मीरशी अनिर्णित. गुजरातशी अनिर्णित. विदर्भाशी अनिर्णित. मी पुन्हा एकदा बोटाने मोजलं, पराभवाच्या रकान्यात काही सापडतं का ते पाहिलं.

"केरळपण नाही हरलं बे," मी म्हटलं.

तो उठून बसला. "मग ते काऊन रडत होते, मामा?"